लटारूभाऊ, कावळा आणि कोसा

आमच्या पळसटोलीत ब्रह्माची चौकशी सहसा कोणी करत नाही. इथं चौकशी असते ती तलावात पाणी किती चढलं, धानाच्या बांध्या भरल्या का, आणि काल कोणाच्या वाडीत रानडुक्कर शिरलं याची. पण एका पावसाळ्यात आमच्या लटारू मारबतेनं ब्रह्माला असं काही अडवून धरलं, की गावाला कितीतरी दिवस दुसरा विषय उरला नाही.

लटारू जातीनं धीवर. तलावात मासे धरणं आणि रानात कोसा पाळणं हे त्याच्या घरचं पिढीजात काम. आम्ही दोघं गावच्या शाळेत एकाच पट्टीवर बसलो. तेव्हापासून त्याच्या तोंडी एकच शब्द, काऊन, म्हणजे का. एकदा गुरुजींनी सांगितलं, पृथ्वी फिरते. लटारू उभा राहिला.

"गुरुजी, पृथ्वी फिरून राह्यली तर आमची हीर रोज सकाळी तिथीच काऊन भेटते?"

गुरुजी होते मजेशीर. म्हणाले, "जा, बघून ये, विहीर आहे का जागेवर." लटारू खरंच गेला. धापा टाकत आला आणि सगळ्या वर्गासमोर बोलला, "आहे जी, तिथीच." आम्ही पोट धरून हसलो. पण घरी जाताना मला म्हणतो कसा, "हसू नोको गा. गुरुजीबी खोटे नाई अन् हीरबी खोटी नाई. मंग यातलं काय खरं समजाव?" आता बोला! हा प्रश्न चौथीतल्या पोराचा. मला तर आजही त्याचं उत्तर नीट देता येत नाही.

पुढे शाळा सुटली, लग्नं झाली, नातवंडं आली. लटारूचे केस पिकले, काऊन काही पिकलं नाही.

कोसा काय असतो तेही सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कोसा म्हणजे रानातलं रेशीम. ऐनाच्या झाडांवर अळ्या सोडायच्या. त्या पानं खाऊन बोटापेक्षा जाड होतात आणि मग स्वतःभोवती कोश विणून आत बसतात. त्या कोशाचा धागा निघतो. ऐकायला सोपं, पण अळी हिरवीगार, गुबगुबीत आणि उघड्यावर, म्हणजे रानातल्या प्रत्येक पाखराला पंगतीचं आमंत्रणच. म्हणून महिना-सव्वा महिना माणसानं झाडाखाली बसून राखण करायची. हातात गुलेल, जवळ एक चिरलेला बांबू, तो आपटला की फटाककन आवाज होतो. आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे घसा.

आमच्या टोलीतल्या धीवरांची यात एक रीत आहे. अळी झाडावर असेपर्यंत राखणदारानं मासळी खायची नाही, केस कापायचे नाहीत, अंघोळ केल्याशिवाय रानात शिरायचं नाही. आणि बाईमाणसानं तिथं पाय ठेवायचा नाही. रानाच्या कडेला शेंदूर फासलेला एक दगड आहे. घरची बाई शिदोरी घेऊन त्या दगडापर्यंत येते, टोपली ठेवते, हाक मारते आणि मागे फिरते. बाई आत गेली तर विटाळ होतो, अळी काळी पडून डहाळीला लटकते, असं म्हणतात. कोणी पाहिलं म्हणाल तर कोणीच नाही, कारण कोणी बाई आत गेलेलीच नाही. जो रीत मोडेल त्याला पुढच्या पिकाचं बी मिळत नाही. बी म्हणजे अंडी. ती साऱ्या टोलीची मिळून वामनराव धीवरांच्या घरी तयार होतात, आणि तेच वाटतात. बी नाही मिळालं की माणूस या धंद्यातून उठला.

तर त्या वर्षी चातुर्मासात आमच्या मारुतीच्या देवळात एक महाराज उतरले होते. मार्कंड्याच्या यात्रेत माझी त्यांची ओळख झाली होती, मीच त्यांना बोलावलं. वयस्कर, सडपातळ, आवाज मऊ. रोज संध्याकाळी वेदान्त सांगायचे, पण जड करून नाही. एक दिवस त्यांनी आमचा तलावच घेतला.

म्हणाले, "तलावातून पाट निघतो. पाटाचं पाणी तुमच्या बांधीत शिरलं की तुम्ही म्हणता हे माझं पाणी, शेजाऱ्याच्या बांधीत शिरलं की तो म्हणतो हे माझं. मधले मातीचे धुरे तुम्ही घातले. पाण्यानं कुठे स्वतःला वाटून घेतलं? तसं ते एकच सत् आहे. देहाचे धुरे आहेत म्हणून 'हा मी' आणि 'तो तू' दिसतं. धुऱ्यावर उभं राहून पाहाल तर दोन बांध्या. पाण्याच्या बाजूनं पाहाल तर एकच."

मला तर असा आनंद झाला म्हणून सांगू! साऱ्या जन्मात पाण्यावरून भांडणं केली, कोर्टाच्या पायऱ्या चढलो, पण पाण्याच्या बाजूनं पाहायचं कधी सुचलंच नव्हतं. मी शेजारी पाहिलं तर लटारू पुढे सरकून बसलेला. म्हटलं, आता निघालं काऊन.

"महाराज, अळीतबी तोच आहे का जी?"

"तोच आहे."

"अन् अळी खाते त्या कावळ्यात?"

"त्यातही तोच."

"मंग मी रोज गुलेल कोणाले मारून राह्यलो?"

देऊळ हसलं. महाराजही हसले. म्हणाले, "प्रश्न चांगला आहे, भाऊ. उद्या सावकाश पाहू." तेवढ्यात आरतीची घंटा झाली, माणसं उठली. दुसऱ्या दिवशी महाराजांना ताप भरला आणि प्रवचन आठ-दहा दिवस बंद पडलं. झालं! अर्धा वेदान्त देवळात राहिला आणि अर्धा लटारूबरोबर रानात गेला.

त्यानं गुलेल झोपडीच्या आढ्याला टांगली. बांबू बाजूला ठेवला. झाडाखाली मांडी घालून बसला आणि पाहू लागला. कावळा आला, अळी उचलली, गेला. कोतवाल पक्षी आला, अळी उचलली, गेला. लटारू शांत.

कमळाबाईच्या हे लक्षात आलं ते दगडापाशी. कमळाबाई म्हणजे लटारूची बायको. ती शिदोरी घेऊन यायची तेव्हा रानातून हुर्रर्र, हेऽऽ असा नवऱ्याचा आवाज ऐकू यायचा. तो थांबला. ऐकू यायचे ते फक्त कावळे. तिनं दगडाशी उभं राहून पाहिलं तर दोन झाडं अर्धी रिकामी. पानं खाल्लेली आणि अळ्या नाहीत. ती तिथून तडक माझ्या घरी.

"भाऊ, तुमीच नेलं ना त्याईले परवचनाले?"

"नेलं बाई. काऊन, काय झालं?"

"मंग तुमीच आणा परत. माणूस घरी येऊन राह्यला, पण डोकं तिथीच राह्यलं. कावळे पंगती घालून राह्यले अन् हा यजमानावानी बसला आहे."

मला हसू आवरेना, पण बाईचा चेहरा पाहिला आणि गप्प झालो. पीक गेलं म्हणजे काय हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. कोसा घरी आला की तो उकडणं, मांडीवर धागा ओढणं, हे सारं टोलीतल्या बायाच करतात. हंगामभर तिच्या हाताला काम ते त्या अळ्यांमुळे. नुसतं तेवढंही नाही. प्रत्येकानं आपल्या पिकातले चांगले कोश बियांसाठी वामनरावांकडे द्यायचे असतात. ज्याच्याकडून कोश नाही त्याला अंडी तरी कशाची?

मी तिच्यासोबत निघालो. दगडापाशी ती थांबली. मी पुरुषमाणूस, पण अंघोळ करून आलो नव्हतो, म्हणून मीही थांबलो. लटारूला हाक मारली. तो हसत आला. अंगावर मांस नाही, पण हसू भरपूर, असा माणूस तो.

मी म्हटलं, "लटारू, अरे पाखरं हाकल ना गा."

"कोणी कोणाले हाकलाव, भाऊ? खाणाराबी तोच, खाल्ला जाते तोबी तोच. मधात मी कोण?"

मी थोडा वेदान्त ऐकला होता, त्यातलं काही सांगायला गेलो. म्हटलं, हे बघ, व्यवहार वेगळा आणि परमार्थ वेगळा. तो म्हणाला, "म्हणजे देवळात एक आहे अन् रानात दोन आहे? मंग देव काय देवळाच्या फाटकापाशी चप्पल काढून बाहेर येते का?" काऊनवाल्याशी बोलायला गेलो ही चूक माझीच.

कमळाबाई आतापर्यंत टोपली डोक्यावर घेऊन उभी होती. तिनं टोपली खाली ठेवली नाही. विचारलं,

"अवो, कावळ्यात तोच आहे?"

"तोच."

"मुंग्यात?"

"तोच."

"या भाऊत?"

"तोच म्हणतो ना!"

"अन् माया अंगात?"

लटारू म्हणाला, "तुयातबी तोच. हे काय इचारणं झालं, कमळे?"

"मंग कावळा आत अन् मी दगडापाशी काऊन?"

आता सांगतो, मी लटारूला इतकी वर्षं ओळखतो, पण काऊन या शब्दाला अडकलेला लटारू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यानं दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी धानाकडे पाहिलं. धान त्या दिवशी फारच सुंदर दिसत होतं.

"रीत आहे," तो हळूच म्हणाला.

"कावळ्याले रीत नाई, मुंगीले नाई, मलेच आहे? घरी धागा माया मांडीवर निघते, तवा नाई होत विटाळ? कोश उकडतो मी, तवा नाई होत?" तिचा आवाज चढला नव्हता. उलट खाली गेला होता. "तुमी म्हणता सारं एक. मले पटते. पण मंग त्यात मले मोजा, नाई तं कावळ्यालेबी काढा."

रानात कावळे ओरडत होते. मग लटारू बाजूला सरला आणि म्हणाला, "ये."

तुम्हाला वाटेल ती ताडकन आत गेली असेल. तसं नाही झालं. आता घाबरली ती कमळाबाई. तिनंही जन्मभर तेच ऐकलं होतं. अळी काळी पडली तर बोट तिच्याकडेच दाखवलं जाणार, लटारूच्या ब्रह्माकडे नाही. तिनं चप्पल काढली, पदर खोचला, दगडाला हात लावून कपाळाला लावला आणि पाय उचलला. 

तो पाय आत टेकल्याबरोबर समोरच्या ऐनावर कावळा उतरला. कमळाबाईनं टोपली लटारूच्या हातात दिली आणि अशी हाळी दिली, अशी दिली, की त्या कावळ्याबरोबर माझ्याही अंगातून काहीतरी उडून गेलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "मारा असं कोण म्हणते? हाकला. तुमाले भूक लागली तं तुमी शेजाऱ्याच्या ताटातलं उचलून खाता का, त्याच्यातबी तोच आहे म्हणून?"

लटारू हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाई खात," म्हणाला, "शेजारी हाणते." आणि खाली पडलेला बांबू त्यानं उचलला.

त्या दिवसापासून दोघं मिळून राखण करू लागली. महाराजांचा ताप उतरला तसा लटारू त्यांच्याकडे गेला, मलाही ओढून नेलं. सगळं सांगितलं. महाराज ऐकत राहिले. मग म्हणाले, "एक आहे हे कळल्यानं हातातलं काम सुटत नाही, लटारूभाऊ. सुटायचं असतं ते 'मी केलं, माझंच आहे' हे. तुम्ही काम सोडलंत आणि 'मी' मात्र धरून बसलात. कावळ्यांना जेवू घालणारा मोठा मी."

लटारूनं कान पकडले. "अन् बायकोचं?"

"ते मला विचारू नका. तुम्ही आत बोलावलंत ना? मग आता कोणी काही बोललं तरी बाहेर काढू नका. तुमची परीक्षा तिथे आहे, कावळ्यापाशी नाही."

आणि बोलणारे आलेच. गोष्ट गावात लपते का? एका सकाळी वामनराव निघाले, सोबत बिरजू आणि झिंगू हे दोघे कोसेवाले. मला वाटेत भेटले. वामनरावांचा चेहरा पाहून मी काही न विचारता मागे लागलो. वामनराव म्हणजे साधा माणूस, पण रीत म्हटली की दगड. सारं बी त्यांच्या भरवशावर, त्यामुळे त्यांना भीतीही तेवढीच. एकाच्या झाडाला रोग लागला तर तो सगळ्यांच्या झाडांत जातो.

आम्ही पोचलो तेव्हा रानात अळ्या हलवायचं काम चाललेलं होतं. एका झाडाची पानं संपली की अळ्यांसकट डहाळी कापायची आणि दुसऱ्या भरल्या झाडावर नेऊन बसवायची. हे ऊन चढायच्या आत करावं लागतं, नाही तर अळी खाली गळते. लटारू झाडावर होता, कोयता हातात. कमळाबाई खाली, दोन्ही हातांत डहाळ्या, डहाळ्यांना अळ्या लोंबत होत्या.

वामनराव दगडापाशीच गरजले, "लटारू! काय चाललं आहे हे?"

लटारूनं वरून पाहिलं. उत्तर कमळाबाईनं दिलं. "बोलणं मंग, भाऊ. आधी ह्या धरा, माया हातून गळून राह्यल्या."

आणि काय सांगू, कोसेवाल्याचा हात तो कोसेवाल्याचा. समोर अळी गळताना दिसली की तो रीत विचारत नाही. वामनराव चार ढांगांत आत आले आणि डहाळी झेलली. बिरजू पलीकडच्या झाडावर चढला. झिंगू रागानं आलेला, तो रागातच डहाळ्या पोचवू लागला. मला कोणी काही दिलं नाही, मी मुंग्या झटकत उभा राहिलो. कमळाबाई मधूनमधून सांगत होती, "तिकडं नाई, सावलीकडं लावा," आणि वामनराव तिकडे लावत होते.

शेवटची डहाळी लागली तेव्हा ऊन पानांवर आलं होतं. सगळे झाडाखाली बसले. आता बोलायला हवं, पण ज्या बाईच्या हातून डहाळी घेतली तिला काय बोलावं हे कोणाला सुचेना. वामनरावांनी अळ्या नीट पाहिल्या होत्या. एकही काळी नव्हती. शेवटी त्यांनी मान खाली घालून तोड काढली.

"लटारू, मी आज इथी आलोच नाई. काई पाह्यलं नाई. तू बाईले उद्यापासून घरी ठेव. बी भेटून जाईल तुले."

फार मोठ्या मनाची गोष्ट होती ती. बिरजूनं सुटकेचा श्वास सोडला. कमळाबाई लटारूकडे पाहत होती. हो म्हटलं असतं तर सगळं जागच्या जागी बसलं असतं. लटारूनं हात जोडले.

"नाई, वामनभाऊ. पाह्यलं म्हणा. बी द्या का नोका देऊ. पण ही इथी होती, अन् उद्याबी राहील, हे पाह्यलं म्हणा."

"तू बी घालवशील, लेका."

"जाऊ द्या. एक आहे म्हणून मीच बोंबललो चारचौघात. आता तिले वेगळी कसा करू?"

वामनराव उठले, धोतराची माती झटकली आणि गावाकडे निघून गेले.

पीक आलं. फार मोठं नाही. कावळ्यांनी आधीच त्यांचा वाटा नेला होता. एका झाडाला रोगही लागला, त्यावरून झिंगूनं चार दिवस तोंड वाजवलं, पण रोग झिंगूच्याही दोन झाडांना लागला होता, त्यामुळे तो आपोआप थांबला. लटारूनं त्यातले चांगले कोश निवडून वामनरावांच्या दारात ठेवले. कोणी घेतो म्हटलं नाही, परत न्या म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते कोश वामनरावांच्या घरात माळेत ओवलेले दिसले. त्यावरूनही काही कळेना. कोश ठेवून घेणं वेगळं आणि बी देणं वेगळं.

भादव्यात कोशांतून पतंगाची पाखरं निघाली. मोठी, पिवळसर, पंखांवर डोळ्यासारखे ठिपके. बी वाटायच्या दिवशी मीही गेलो. लटारू माळेपाशी उभा राहून एका पाखराकडे पाहत होता. मला म्हणाला, "याले तोंडच नाई गा. अळी होती तवा सारं रान खाऊन बसली होती. आता काईच पायजे नाई त्याले. तेच आहे अन् तेच नाई." मी म्हटलं, "तुझं काय ते बी मिळतं का बघ आधी." तो म्हणाला, "हो, ते तं पायजेच," आणि हसला. पण हात त्याचे एकमेकांत घट्ट होते.

वामनराव एकेकाला बोलावून पानाच्या दोन्यात अंडी घालून देत होते. बिरजू झाला. झिंगू झाला. सगळे झाले. अंगणात लटारू आणि त्याच्या मागे कमळाबाई, दोघंच राहिली. वामनरावांनी एक दोना भरला, हातात धरला आणि कमळाबाईकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या पायानं पीक गेलं तं मी मायं तोंड कुठी लपवू?"

"माया मांगं लपा, भाऊ," कमळाबाई म्हणाली. "मी हाळी देतो, कोणी जवळ नाई येत."

पहिले हसले ते वामनराव. आणि दोना त्यांनी लटारूच्या हातात नाही, तिच्या हातात दिला.

सगळ्यांना हे पटलं असं समजू नका. टोलीत अजून कितीतरी घरच्या बाया दगडापाशीच टोपली ठेवतात, आणि लटारूकडे पाहून मान फिरवणारेही आहेत. पण त्या दिवशी मी त्या दोघांच्या मागून रानापर्यंत गेलो, तेव्हा ती दगडापाशी थांबली नाही. तो पुढे, ती मागे. पहिल्या ऐनापाशी तिनं दोना उंच धरला आणि तो सुतळीनं फांदीला बांधू लागला. गाठ ढिली पडली म्हणून ती त्याला रागावत होती.